आजारपणात खोली सुटू नये

आरोग्याच्या पानावर खोलीभाड्याचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्याचे उपचार अर्धवट का राहिले, हे विचारत गेलं, तर पुष्कळदा आपण खोलीमालकाच्या दाराशी येऊन थांबतो.

हिशेब साधा आहे. समजा, महिन्याला १५ हजार येतात आणि भाडं ६ हजार. उरले ९ हजार. चार माणसांच्या घरात माणशी रोजचे ७५ रुपये. त्यातच जेवण, गॅस, लाईटबिल, रेल्वेचा पास, मुलांच्या वह्या आणि औषध. भाडं थकलं तर खोली जाते, म्हणून ते आधी दिलं जातं. डाळ पातळ केली, बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली, तर विचारायला कोणी येत नाही. काटछाट तिथेच होते, आणि बहुतेक घरांत सुरुवात बाईच्या ताटापासून होते.

त्यात अकरा महिन्यांचा करार. मुदत संपली की भाडं वाढतं, नाहीतर बिऱ्हाड हलतं. पुन्हा डिपॉझिट, पुन्हा दलाली. आडनाव ऐकून खोली नाकारणारेही आपल्याला भेटतात. मग मिळेल ती खोली घ्यायची, खिडकी असो वा नसो. कोंदट खोलीत टीबी लवकर पसरतो. साध्या टीबीच्या गोळ्याही सहा महिने घ्याव्या लागतात. मधेच त्या सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार आणखी लांबतात.

सगळ्यात वाईट आहे ती भीती. टीबी आहे हे कळलं तर मालक खोली खाली करायला लावेल, म्हणून माणूस खोकला लपवतो, तपासणी टाळतो. त्याने घरच्यांना धोका वाढतो, शेजाऱ्यांना वाढतो आणि मालकालाही वाढतो. उलट योग्य औषध सुरू झालं की काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका बराच कमी होतो. औषध घेणाऱ्या रुग्णाला बाहेर काढण्यात शहाणपण नाही.

वस्तीतला खोलीमालक अनेकदा आपल्यातलाच असतो. वर माळा चढवून तो भाड्याने दिलेला असतो, त्याचंही घर त्या भाड्यावर चालतं. त्याने भाडं सोडावं, असं कोणी म्हणत नाही. पण उपचार चालू असेपर्यंत कोणाला काढायचं नाही, थकलेलं भाडं हप्त्याने घ्यायचं, आणि खोली हवीच असेल तर दोन महिने आधी सांगायचं, एवढं वस्तीने ठरवायला काय हरकत आहे? विहाराच्या कमिटीने आणि महिला मंडळाने मालक-भाडेकरूंना एकत्र बसवून हे ठरवावं. लग्नकार्याचे नियम आपण ठरवतोच की!

कायद्याचाही थोडा आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. झोपडपट्टीत बहुतेक व्यवहार तोंडीच होतात. म्हणून भाडं फोनवरून भरा, नाहीतर वहीत तारीख घालून मालकाची सही घ्या.

तरीही खोली सोडावी लागलीच, तर आधी दवाखान्यात सांगा. टीबी रुग्णाची नोंद सरकारच्या ‘निक्षय’ यादीत असते. ती नव्या पत्त्याजवळच्या केंद्रात बदलून घेता येते. गोळ्या तिथेही मोफत मिळतात. पोषणासाठी महिन्याला १ हजार रुपये बँक खात्यात येतात. ते खाण्यासाठी आहेत, भाड्यात घालू नका. आधार जोडलेलं रेशनकार्ड असेल, तर अंगठा लावून नव्या वस्तीतल्या दुकानातूनही धान्य मिळतं. गरोदरपणाचं कार्ड, बाळाचं लसीचं कार्ड, औषधाची चिठ्ठी बोचक्यात बांधू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

आशाताई आणि दवाखान्यातले डॉक्टर यांनाही एक विनंती. गोळ्या देताना एवढं जरूर विचारा: खोलीची मुदत कधी संपते?