मानदुखीचा आकडा केसपेपरवर हवा

दिवसभर मान खाली घालून कापूस वेचायचा आणि सांजेला गाठोडे डोक्यावर घेऊन यायचे. मलकापूर तालुक्यातल्या शेतमजूर बाईची मान अशी दुखू लागते. दवाखान्यात विचारतात, "कसं वाटतं?" ती म्हणते, "बरं हाये थोडं." तेवढ्यावर शेक, ताण आणि गळपट्टा आणखी काही दिवस चालू राहतो. तिची मजुरी मात्र रोज बुडते.

साखरेच्या रुग्णाची गोळी आपण आकडा पाहून ठरवतो. मानेसाठीही असे माप आहे. कॅनडातील हॉवर्ड व्हर्नन यांनी 1991 मध्ये सहकाऱ्यासह दहा प्रश्नांचा तक्ता प्रसिद्ध केला. झोप, वजन उचलणे, डोकेदुखी, काम अशा प्रश्नांना प्रत्येकी 0 ते 5 गुण, एकूण 50. गुण जितके जास्त, तितका त्रास अधिक. त्याची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. गाडी चालवण्याचा प्रश्न जिला लागूच नाही, तिचे गुण 45 पैकी धरता येतात.

वाचता न येणाऱ्या बाईसाठी दुसरी रीत मला अधिक मोलाची वाटते. अडणारी तीन कामे तिनेच सांगायची: वेचणी, हंडा उचलणे, भाकरी थापणे. मग प्रत्येकाला 0 ते 10 गुण द्यायचे; 0 म्हणजे जमतच नाही, 10 म्हणजे पूर्वीसारखे जमते. सरासरी दोन गुणांनी वाढली, तर सुधारणा खरी मानावी. दोन-तीन आठवड्यांत आकडा हललाच नाही, तर तेच उपचार रेटू नयेत. व्यायाम बदलावा, ओझे नेण्याची पद्धत बदलावी, नाहीतर पुढे पाठवावे. हात लुळा पडणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे असतील, तर मोजत न बसता तातडीने तज्ज्ञाकडे न्यावे.

"मणक्यात गॅप आहे" असे फोटो पाहून सांगितले की माणूस धास्तावतो. जपानमध्ये मानेची तक्रार नसलेल्या 1,211 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या मानेतील चकती बाहेर आलेली दिसली. म्हणून उपचाराची दिशा फोटोपेक्षा रोजच्या कामावरून ठरायला हवी.

गर्दीत वेळ नसतो, हे मान्य. पण ही तीन कामे विचारायला फार वेळ लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयाने आणि गावातल्या फिजिओथेरपिस्टांनी मानदुखीच्या प्रत्येक केसपेपरला या गुणांचा कागद जोडावा. रुग्णांनीही पहिल्याच दिवशी आपला आकडा लिहून मागावा.