हौजीचे तिकीट आणि कॅरमचे टेबल

आपल्या वसईत समाजाचा कोणताही मेळावा असो, जेवणाआधी हौजी ठरलेली. ध्वनिक्षेपकावरून एक ते नव्वदपैकी आकडे पुकारले जातात आणि सारे सभागृह मान खाली घालून ते खोडत बसते. तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे. त्यांतला एकही खेळणाऱ्याने निवडलेला नसतो. निर्णय असा कोणालाच घ्यावा लागत नाही, आणि शेजाऱ्याशी बोलावे तर आकडा हुकतो. अहवालात मात्र 'समाजबांधवांनी एकत्र येऊन खेळाचा आनंद लुटला' असे वाक्य छापून येते. या वाक्यालाच आमचा आक्षेप आहे.

हौजीने निधी जमतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या सभागृहात पत्त्यांचे नाव काढताच 'जुगार' म्हणून भुवया उंचावतात, तेथेच पैसे घेऊन निव्वळ नशिबाची तिकिटे विकली जावीत, हा विनोद आपल्या ध्यानात कसा येत नाही? डोके चालवावे लागणारा खेळ संशयास्पद आणि डोके बाजूला ठेवावे लागणारा सोज्ज्वळ!

याच्या उलट कॅरमचा विचार करा. जेमतेम पाऊण मीटरची चौकट, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक लाल सोंगटी. जोडीने खेळताना भिडू समोर बसतो, प्रतिस्पर्धी दोन्ही हातांना. चौघांचे गुडघे एकमेकांना लागतात. शाळकरी पोराने निवृत्त मास्तरांना 'कव्हर राहिले, राणी परत ठेवा' असे सुनवावे आणि मास्तरांनी ती मुकाट्याने मधोमध ठेवावी, अशी जागा आपल्या समाजात दुसरी कोणती आहे? पूर्वी हे ओटीवर होत असे. आता ओट्या गेल्या, इमारती आल्या, आणि दार लावून घेतलेल्या घरांत कोणी कोणाला हरवीत नाही.

'आम्ही दरवर्षी स्पर्धा घेतो,' असे उत्तर मिळेल. घेता, हे खरे. पण बाद फेरीचे गणित मांडून पाहा. बत्तीस जोड्या आल्या, तर पहिल्याच फेरीत सोळा जोड्या घरी जातात. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्याच्या वाट्याला एकच सामना, आणि जो वर्षानुवर्षे जिंकतो, तोच दिवसभर खेळतो. संध्याकाळी करंडक, शाल, भाषणे. दुसऱ्या दिवशी बोर्ड कपाटात. आमच्या माहितीतल्या एका मंडळाने हौसेने दोन उत्तम बोर्ड घेतले. वर्षातून एक दिवस ते बाहेर येतात. उरलेले वर्ष कपाटाची किल्ली कार्यवाहांच्या खिशात असते. 'पोरे बोर्ड खराब करतील', हे कारण! बोर्ड चांगला राहिला, पोरे मोबाईलला लागली.

मुलींविषयी तर बोलूच नये. हौजीची तिकिटे फाडून देण्यापुरत्या त्या हव्या असतात. बोर्डाभोवतीची जागा भावांची. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळविणारी काझिमा ही चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी आहे. त्याच शहरातील मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आपल्या सभागृहाच्या व्यवस्थेत काझिमाला बसायला खुर्ची तरी मिळाली असती काय?

आमची मागणी लहान आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीन-चार टेबले, बोरिक पावडरचा डबा. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. जिंकलेल्या जोडीने उठावे आणि नवख्यांना बसवावे, एवढा एकच नियम आमच्याकडून. बाकीचे नियम आधी लिहून भिंतीला लावा, कारण महासंघाच्या नियमांत राणीचे गुण तीन आणि आपल्या आळीत पाच. निम्मी भांडणे तिथेच होतात. उरलेली होऊ द्यावीत. बाजूला एक बुद्धिबळाचा पट असावा, आणि तरुणांनी 'कॅटन'सारखे खेळ आणले तर नाक मुरडू नये. १९९५ च्या त्या जर्मन खेळात शेवटपर्यंत कोणीच बाद होत नाही आणि शेजाऱ्याशी देवघेव केल्यावाचून सहसा पुढे सरकता येत नाही. पहिल्या महिन्यात पाचच माणसे येतील, पावसात तीन. तरीही टेबल मांडायचे, कारण मांडलेले टेबल चार वेळा दिसले की पाचव्या वेळी माणूस डोकावतो.

येत्या रविवारी चार वाजता आम्ही सभागृहाच्या दारात उभे असू. कार्यवाहांनी कृपया किल्ली पाठवून द्यावी.