दुसऱ्या ओळीतील भाषा

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या आज्ञांविषयी लिहावे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. काही महिन्यांपूर्वी तो आम्हालाही पडला असता.

नवी मुंबईतील आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या समीक्षालेखांसाठी संकेतस्थळ उभारायचे ठरले. ऐरोलीत नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी मदतीला आला. विभागाची माहिती, ग्रंथसूची आणि हे लेख अशी तिन्ही अ‍ॅप्लिकेशन्स एकाच कोठारात ठेवावीत, म्हणजे सामाईक भाग एकदाच लिहावा लागतो, असे त्याने समजावले. या पद्धतीला ‘मोनोरेपो’ म्हणतात. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्यांच्या अशा एका कोठारात सुमारे २ अब्ज ओळी होत्या. मग त्याने काळ्या पडद्यावर ‘जनरेट’ ही आज्ञा आणि नव्या अ‍ॅप्लिकेशनचे नाव टंकले. क्षणभरात फोल्डर, फाइली, मुखपृष्ठ असा सारा सांगाडा तयार झाला.

सवयीने आम्ही मुखपृष्ठाची फाइल वाचू लागलो. दुसऱ्याच ओळीत पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी नोंद होती. आम्ही अद्याप एक अक्षरही लिहिले नव्हते! अँग्युलरसारख्या प्रचलित साधनांचे साचे हीच खूण घेऊन येतात. त्यात साधनकर्त्यांचा दोष नाही. कोणती तरी भाषा गृहीत धरावीच लागते. प्रश्न आहे तो ती ओळ न वाचता पुढे जाणाऱ्या आपला.

एवढ्याने काय बिघडते? दृष्टिहीन विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कोणत्या भाषेचे उच्चार वापरायचे हे या खुणेवरून ठरवतो. म्हणूनच २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-निकषांत पानाची भाषा नोंदवणे ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे.

साच्याचे आम्हाला वावडे नाही. ओवी आणि अभंग हेही साचेच. पण कवी ते जाणून स्वीकारतो. न जाणता स्वीकारलेल्या साच्याची किंमत आमच्या शहराला ठाऊक आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नोड आखले गेले, सेक्टरांना क्रमांक मिळाले. आगरी-कोळ्यांची गावठाणे त्या आखणीत नीट बसली नाहीत, आणि तिथल्या घरांच्या नियमितीकरणाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. आरंभी गृहीत धरलेले मागाहून दुरुस्त करणे किती कठीण असते!

इथे मात्र दुरुस्ती आपल्या हाती आहे. याच साधनांत स्वतःचा साचा लिहिता येतो. कोठार एकच असल्याने तो एकदा लिहिला, की त्यावरून पुढे निर्माण होणारे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन ‘एमआर’ ही मराठीची खूण घेऊनच जन्मते. मात्र जनरेटर केवळ जन्मवेळी चालतो. आधीची तिन्ही मुखपृष्ठे आम्हाला एकेक उघडून हातानेच सुधारावी लागली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आहेच. परंतु उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात एक तास अशा साच्यांच्या वाचनाला द्यावा, असे आमचे मत आहे. संहितेचे काटेकोर वाचन आपण शिकवतोच. ही संहिता तेवढी त्यात घ्यावी.