साताऱ्याचा चढ की सांगलीचं पाणी?



कोजागिरीला दूध आटत होतं तेव्हा स्वयंपाकघरात जो विषय निघाला, तोच या अंकात घेते आहे. ब्रिटनमधल्या आपल्या मंडळातले बरेच सभासद साठीला टेकले आहेत आणि घरोघरी एकच बोलणं चाललंय: महाराष्ट्रात परत जायचं, तर कुठे? पूर्वी याचं उत्तर विचार न करता 'पुणे' असं यायचं. आता तसं येत नाही.

माझं माहेर पुण्याच्या नारायण पेठेतलं, केसरीवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. आमच्या वाड्यात जिन्याखालच्या भिंतीवर एक आडवी रेघ होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याची ती खूण. दर जुलैत बाबा त्या रेघेवर हात ठेवून आम्हाला दाखवायचे. पुढे वाडा पडला, त्याबरोबर रेघ गेली. आता तिथे सहा मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर माझी ब्याऐंशी वर्षांची आत्या राहते. लिफ्ट आहे, पाणी आहे, शेजारपाजार चांगला आहे. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या आणि मधून वाहनांची रांग. "अगं, सहा महिने झाले, मोदी गणपतीला गेले नाही," असं तिनं गेल्या डिसेंबरात सांगितलं, तेव्हा मला गलबलून आलं. घरापासून देऊळ तीनशे पावलंही नसेल.

दुसरी गोष्ट पैशाची. भारतात कायम राहायला गेलेल्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शन गोठते. इथे दरवर्षी मिळणारी वाढ तिथे मिळत नाही. म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच आकड्यात काढायची. पेठेतल्या दोन खोल्यांच्या भावात लहान शहरात ऐसपैस घर येतं, हे या हिशेबात फार महत्त्वाचं आहे. म्हणून या हिवाळ्यात आम्ही दोघं तीन आठवडे साताऱ्यात आणि तीन आठवडे सांगलीत भाड्यानं राहून आलो. पाहुण्यांकडे मुद्दामच उतरलो नाही. पाहुण्यांच्या घरी गाव कळत नाही.

साताऱ्याच्या प्रेमात पडायला दोन दिवस पुरतात. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याची वाट धरावी, तर गावातले निम्मे लोक तिथेच भेटतात, आणि तिसऱ्या दिवसापासून ओळख नसतानाही "आज उशीर झाला का?" असं विचारतात. हवा कोरडी आणि स्वच्छ. कासचं पठार पाऊण-एक तासावर. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. पुण्याच्या स्वारगेटहून विनाथांबा एसटी, अंतर अवघं ११० किलोमीटर. मुलं, नातवंडं विमानानं येणार असतील तर हे अंतर मोठंच सुख आहे.

पण सातारा चढाचं गाव आहे. डोंगराच्या कुशीत वसलेलं, त्यामुळे राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे निघालो की माझे गुडघे बोलू लागत. आज साठीला बोलतात, पंचाहत्तरीला काय करतील? शिवाय रेल्वे स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. आणि मोठं दुखणं आलं की लोक पुण्याची वाट धरतात, हे आम्हाला तिथल्या तीन वेगवेगळ्या घरांत ऐकायला मिळालं.  हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन एवढा प्रवास करायचा, ही कल्पना मला सहन होत नाही.

जाता जाता एक सूचना. यवतेश्वर, कास बाजूला 'फार्महाऊस प्लॉट' दाखवणारे बरेच भेटतील. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असणाऱ्यांना राहतं घर विकत घेता येतं, शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. एजंट काहीही सांगो, बिगरशेतीचा आदेश डोळ्यांनी वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सांगली आधी मनात भरत नाही. ऊन कडक, गाव सपाट, डोळ्यांत भरेल असा डोंगर नाही. मात्र त्या सपाटीची किंमत आठवड्यात कळली. आम्ही दोन जुन्या सायकली घेतल्या आणि सगळीकडे त्यांवरूनच फिरलो. हरिपूरच्या संगमापर्यंतसुद्धा, जिथे वारणा कृष्णेला मिळते आणि जे 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या देवलांचं गाव आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं ते सांगलीत. त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात मागच्या रांगेत बसलेल्या आजोबांनी मध्यंतरात आम्हाला त्या नाटकाच्या आधीच्या संचातले सगळे कलाकार तोंडपाठ सांगितले. शेजारच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर भोपळ्याला कान लावून टिचकी मारत होता. एक भोपळा बाजूला ठेवला, दुसरा घेतला, पुन्हा टिचकी. आम्ही पाऊण तास उभे होतो. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

आणि मिरजेची इस्पितळं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं इस्पितळ उभं केलं. तेव्हापासून या गावाला वैद्यकाची परंपरा आहे. कर्नाटकातूनही रोगी इथे येतात. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. घरापासून वीस मिनिटांत तज्ज्ञ डॉक्टर हाताशी असणं, हे वयाच्या या टप्प्यावर मला कासच्या फुलांपेक्षा मोलाचं वाटतं.

भीती एकच, कृष्णेच्या पुराची. आयर्विन पुलापाशी पाण्याची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा पूर आला. मारुती चौकात एका भांड्यांच्या दुकानदाराला मी पाणी कुठवर होतं ते विचारलं. तो काही बोलला नाही. स्टुलावर चढला आणि माझ्या डोक्याच्या बराच वर, भिंतीवरच्या एका रेघेवर हात ठेवला. अगदी बाबा ठेवायचे तसा. विश्रामबाग आणि मिरज त्या मानानं उंचावर आहेत. तरीही प्रत्येक इमारतीत शेजाऱ्यांना विचारा, "२०१९ ला पाणी कुठे होतं?" बिल्डरचं उत्तर धरू नका.

माझा कौल सांगली-मिरजेला आहे. मुलं वर्षातून पंधरा दिवस येणार. त्या पंधरा दिवसांसाठी विमानतळाजवळ घर बघायचं आणि उरलेले साडेतीनशे दिवस कसे जातील याचा विचार करायचा नाही, ही चूक आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. ज्यांच्या घरी आई-वडील अजून पुण्यात आहेत, त्यांनी मात्र साताराच निवडावा. त्यांना दोन-अडीच तासांत पोचता आलंच पाहिजे.

आम्ही हिवाळा पाहिला, पावसाळा पाहिलेला नाही. म्हणून घर विकत घेतलेलं नाही. विश्रामबागेतल्या पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचा ११ महिन्यांचा भाडेकरार केला आहे, १ जूनपासून. आपल्यात मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर आहेत, सांगलीचं माहेर असलेल्या मैत्रिणी आहेत. त्यांनी आपला अनुभव दोन ओळींत का होईना, पुढच्या अंकासाठी पाठवावा.