तुमची अडत कोण देतं?

माझ्या मामांचा सांगलीत मिरची-मसाल्याचा डंक आहे. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथे उभं राहायला जागा नसते. सकाळी सातपासून बायका वाळवलेली मिरची, धणे, खडा मसाला घेऊन रांगेत असतात. मामा एका हातानं वजन करतात आणि दुसऱ्या हातानं फोन घेतात. गेल्या वर्षी ऐन सीझनमध्ये त्यांनी दुसऱ्या यंत्रासाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला. बँकेनं उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट मागितलं. मामांनी मला फोन केला, पण मी मीटिंगमध्ये होतो. व्हॉट्सॲपवर उत्तर टाकलं, "गूगल करा ना मामा, पाच मिनिटांचं काम आहे."

मामांनी गूगल केलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. पानावर तिरंगी पट्टी होती, नावात 'उद्यम' होतं, आधार आणि पॅनचे रकाने होते. शेवटी २,४९९ रुपये मागितले. समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. मामांनी यूपीआयनं पैसे भरले आणि पुन्हा वजनाला लागले.

दोन दिवसांनी सर्टिफिकेट आलं. ते खरं होतं, बँकेनं ते घेतलंसुद्धा. फक्त एवढंच, की उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. १ जुलै २०२० पासून ती चालू आहे, स्वतःच्या सांगण्यावर होते, कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, आणि पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असलेल्या सरकारी पोर्टलवर फुकट होते. मामांनी उघडलेली साइट एका खाजगी एजन्सीची होती. 'आम्ही सरकारी नाही' असं पानाच्या तळाला, फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेलंही होतं. अर्जात ईमेल त्यांनी स्वतःचा घातला होता. पुढच्या आठवड्यापासून मामांना रोज कर्ज देणाऱ्यांचे फोन येऊ लागले, कारण नंबर पुढे गेला होता.

घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला तेव्हा माझ्या एमबीए झालेल्या चुलतभावानं लिहिलं, "छोट्या बिझनेसवाल्यांचा हाच प्रॉब्लेम आहे. रिसर्च न करता डिसिजन घेतात." त्यावर सहा अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे, आणि माझ्या अंगठ्याच्याही.

मामा मार्केट यार्डात ब्याडगीचा लॉट दोन मिनिटांत घेतात. मूठभर मिरची हातात घेतात, मोडून बघतात, वास घेतात, देठ बघतात आणि बोलतात. त्या दोन मिनिटांमागे तीस वर्षं आहेत. तिथे त्यांना कुणी इम्पल्सिव्ह म्हणत नाही. धंद्यात झटपट ठरवता येणं हे कौशल्य असतं. सीझनमध्ये डंक तासभर बंद ठेवून पाच वेबसाइट ताडून बघणं हा मामांसाठी शहाणपणा नाही, तो तोटा आहे.

जिथे स्वतःची नजर चालत नाही, तिथे माणूस दुसऱ्याच्या शब्दावर ठरवतो. आपण सगळेच तसं करतो. मला दाढदुखी झाली तेव्हा मी दंतवैद्यकावरचे शोधनिबंध वाचले नाहीत, ऑफिसातल्या मित्रानं सांगितलं त्या डॉक्टरकडे गेलो. तेव्हा प्रश्न मामांच्या वेगाचा नाहीच. ज्याचा शब्द त्यांनी घेतला, त्याला पैसे कोण देत होतं आणि ते मामांना का दिसलं नाही, हा प्रश्न आहे.

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात अडत्या असतो. तो मधला माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याची अडत किती, हेही माहीत असतं. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. भांडण मोठं झालं, पण ते उघड्यावर झालं, कारण पैसे कुणाच्या खिशातून जातात हे दोन्ही बाजूंना दिसत होतं. अडत्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. तरी एक गोष्ट मानावी लागेल, की अडत्या स्वतःला 'निष्पक्ष तज्ज्ञ' म्हणवत नाही.

इंटरनेटवरचा अडत्या म्हणवतो. हे मला नक्की माहीत आहे, कारण असा एक अडत्या मी स्वतः बांधलाय.

इंजिनिअरिंग झाल्यावरची माझी पहिली नोकरी पुण्यात होती. कंपनी छोट्या व्यावसायिकांसाठी तुलनेची पानं बनवायची: 'दुकानासाठी १० बेस्ट बिलिंग सॉफ्टवेअर', 'झटपट बिझनेस लोनसाठी ७ विश्वासू पर्याय' वगैरे. डेटाबेसमध्ये प्रत्येक पर्यायासमोर एक आकडा असे, एका लीडमागे ती कंपनी आम्हाला किती देते याचा. यादीचा क्रम त्या आकड्यावर लागायचा. पहिल्या ओळीवर 'संपादकांची पसंती' असा हिरवा बिल्ला आपोआप चिकटायचा. त्या कंपनीत एकही संपादक नव्हता. बिल्ल्याचा कोड मी लिहिला होता, अकरा ओळींचा. 'आत्ता २३ दुकानदार हे पान बघत आहेत' ही ओळसुद्धा माझीच. तो आकडा १५ ते ४० मधला कुठलाही यायचा. बघणाऱ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, कारण तिकीट बंद करायचं होतं. आणि पलीकडचा माणूस माझ्यासाठी 'युजर' होता, वजन करता करता फोन धरणारा मामा नव्हता.

अशा याद्या खोट्याच असतात असं नाही. आमच्या यादीतली सॉफ्टवेअरं चालणारी होती. गोची वेगळी आहे. कमिशनवर चालणारी यादी एक उत्तर कधीच देऊ शकत नाही: 'तुम्हाला याची गरज नाही.' न घेतलेल्या वस्तूवर कमिशन मिळत नाही. आणि छोट्या धंद्यात हेच उत्तर कितीदा तरी बरोबर असतं.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यात बसणाऱ्या दुकानाला 'जीएसटी-रेडी' पॅकेज कशाला? २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तरी 'शॉप ॲक्ट लायसन्स पॅकेज' विकलं जातं. मुद्रा कर्जासाठी योजनेनं कुठलेही एजंट नेमलेले नाहीत. तरी 'मुद्रा मंजूर करून देतो' म्हणत फोन येतात.

अर्धवट सल्ला तर याहून महाग पडतो. मामांच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांनी कुठेतरी वाचलं, की उद्यम केलं की अडकलेली बिलं ४५ दिवसांत मिळतात. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत पैसे मिळण्याची तरतूद खरंच आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही आणि उशिरावर चक्रवाढ व्याजही लागतं. पण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं, तेव्हा त्यांना फायदा दिला तो फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. काका माल बनवत नाहीत, विकतात. त्या भरवशावर त्यांनी एका बिल्डरला उधारी वाढवून दिली होती. सल्ला लिहिणाऱ्यानं ही एक ओळ गाळली, कारण ती ओळ वाचून कुणी 'आत्ता नोंदणी करा' हे बटण दाबलं नसतं.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, 'कमिशन नसेल तर ही माहिती फुकट कशी मिळणार?' घ्या की कमिशन. पण पहिल्या ओळीत लिहा: आम्हाला या कंपनीकडून अमुक इतके मिळतात आणि यादीचा क्रम त्यावर ठरतो. हे लिहिलं तर धंदा बुडेल असं वाटत असेल, तर तुमचा धंदा माहितीचा नाही, लपवण्याचा आहे.

दुसरं, 'सरकारी पोर्टलं इतकी वाईट आहेत, की एजंट लागतोच.' हे निम्मं खरं आहे. ओटीपी येत नाही, पान अर्ध्यात मरतं, मराठीचं बटण दाबलं तर निम्मा मजकूर इंग्रजीच राहतो. सरकारची ही नालायकी एजन्सीवाल्यांच्या पथ्यावर पडते. पण आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा ई-सेवा केंद्रवाला अर्ज भरून द्यायचे शंभर रुपये घेतो आणि तोंडावर सांगतो, 'फॉर्म फुकट आहे, पैसे माझ्या कामाचे.' तो प्रामाणिक मध्यस्थ आहे. तिरंगी पट्टी लावून स्वतःच सरकार असल्याचं भासवणारा नाही.

तिसरं, 'यासाठी कायदे आहेत.' आहेत. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार सांगितले. खोटी घाई करणं त्यात आहे, जाहिरातीला माहितीचं सोंग देणंही आहे. म्हणजे माझे ते '२३ दुकानदार' आज सरळ त्या यादीत बसतात. पण ग्राहक संरक्षण कायद्याच्या 'ग्राहक' या व्याख्येतून व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळलेली आहे. स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्याला त्यात सवलत आहे खरी, पण म्हणजे मामांची तक्रार 'मी ग्राहक आहे का' या वादापासून सुरू होणार. २,४९९ रुपयांसाठी कोण डंक बंद ठेवून तिथवर जाईल? हे एजन्सीला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच रक्कम पंचवीस हजार नसते.

आता आपल्याबद्दल. हे वाचणारे बहुतेक जण आपापल्या घरातले फुकट आयटी डिपार्टमेंट आहेत. आत्याचं पार्लर, वडिलांचं किराणा, मैत्रिणीच्या आईचा डब्यांचा व्यवसाय, सगळे आपल्यालाच विचारतात, 'कुठलं घेऊ रे?' आणि आपण जिन्यावरून उतरता उतरता पहिली लिंक फॉरवर्ड करतो. त्यांच्यासाठी ती लिंक गूगलची नसते, आपली असते. त्यांचा विश्वास आपण दहा सेकंदांत त्या हिरव्या बिल्ल्याच्या नावावर करून टाकतो. मामांना त्या साइटवर जाहिरातीनं नेलं हे खरं, पण रस्त्यापर्यंत मी सोडलं होतं.

ज्याला झटपट ठरवायचंय, त्याच्या वाटचा वेळ शिफारस करणाऱ्यानं द्यायचा असतो. नाही जमत तर 'रात्री बघून सांगतो' म्हणावं.

मी आता कुणालाही काही सुचवण्याआधी चार गोष्टी बघतो. सुचवणाऱ्याला, म्हणजे मलासुद्धा, यातून काय मिळतं? रेफरल कोड असेल तर तो सांगूनच देतो. याची गरज आहे का, की वही पुरेल? उद्या सोडायचं म्हटलं तर गिऱ्हाइकांची आणि उधारीची यादी बाहेर काढता येते का? आणि बंद पडलं तर फोन कोण उचलतं? कर्ज असेल तर पाचवी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जालाही बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं मुख्य माहितीचा तक्ता देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. 'महिन्याला फक्त दीड टक्का' म्हणणाऱ्याला आधी तो कागद मागायचा.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. वर पहिली ओळ: 'सरकारी काम असेल तर पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का बघा.' मामांनी तो कांडपाच्या दरपत्रकाशेजारी चिकटवला. हार्डवेअरवाल्या काकांनी त्याचा फोटो काढून नेला.

मग मी मामांना त्या अकरा ओळींबद्दल सांगितलं. ते ऐकत ऐकत चाळणी झटकत होते. म्हणाले, "म्हणजे तू पण अडत्याच होतास की. मग सांगायचं होतंस, अडत कोण देतं ते."

मामा अजूनही दोन मिनिटांत ठरवतात, आणि ठरवू देत. तुम्ही पुढची लिंक कुणाला पाठवाल तेव्हा तिच्याखाली दोन ओळी टाका: हे मी स्वतः वापरलंय का, आणि यातून मला काय मिळतं. त्या दोन ओळी लिहिता येत नसतील, तर लिंक पाठवू नका.