मोडके बोला, पण बोला

आमच्या तालुक्यातला माणूस बोलण्यात कोणाला हार जाणारा नाही. बाजारात मासळीचा भाव करताना त्याला ऐकावे! हाच माणूस बांबोळीला किंवा मुंबईला मोठ्या डॉक्टरांपुढे बसतो आणि समोरून इंग्रजीत प्रश्न आला की त्याची वाचा बसते. डॉक्टर कोकणी बोलणारे भेटले तर निभावते. परप्रांतीय असले की सगळ्याला ‘यस, यस’.

माझ्या एका रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी विचारले गेले, ‘एनी अ‍ॅलर्जी?’ शब्द कळला नाही, विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी ‘नो’ म्हणून टाकले. पूर्वी पेनिसिलीनच्या इंजेक्शनने त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. सोबत मुलगी होती म्हणून बरे. पेनिसिलीनची तीव्र रिअ‍ॅक्शन काही मिनिटांत जीव घेऊ शकते.

घाबरले की शरीरात अ‍ॅड्रेनालिन स्रवते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, येणारे शब्दही आठवत नाहीत. हा बुद्धीचा दोष नव्हे. रक्तदाबही चढतो, आणि तो आकडा पाहून नको असलेली गोळी सुरू होण्याचा संभव असतो.

आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंना १८८० पासून इंग्रजीत पत्रे लिहीत होत्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये, वयाला अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले. १८८६ साली तिकडे त्या डॉक्टर झाल्या. सभेतली ती धिटाई आधीच्या पत्रांतून आली असावी, असे मला वाटते. आधी एक विश्वासाचे माणूस, मग परके.

आपल्याला भाषण करायचे नाही. ‘मी वॉक, ब्रीथ स्टॉप. मी सिट, ओके.’ व्याकरणाच्या मास्तरांनी कान धरावा असे हे इंग्रजी. पण श्रमाने धाप लागते आणि विश्रांतीने थांबते, एवढे हृदयरोगतज्ज्ञाला त्यातून कळते. उलट सफाईदार इंग्रजीत ‘गॅस प्रॉब्लेम’ सांगणारा माणूस डॉक्टरांना चकवतो. घरून निघताना दुखणे कधीपासून, कशाने वाढते, हे मराठीत कागदावर लिहा आणि शेजारच्या शिक्षकांकडून चार ओळी इंग्रजीत करून घ्या. न सोसणाऱ्या औषधाचे नाव वर ठळक लिहा. कळले नाही तर ‘अगेन, स्लो’ म्हणा. यावर हसणारे आमचे काही व्यवसायबंधू आहेत. लाज त्यांना वाटायला हवी.

आणि इंग्रजी शाळेतल्या नातवाला पुढे करून स्वतः गप्प बसू नका. आजीच्या अंगावरून जाते, लघवी आवरत नाही, हे ती दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून कसे सांगणार? त्यापेक्षा तिने बोट ठेवून दाखवावे आणि मालवणीत बोलावे. नर्स बहुधा इथलीच असते.