‘किती पॉइंट काढतो?’ हा प्रश्न अर्धाच आहे

आष्टा-इस्लामपूर पट्ट्यातल्या कुठल्याही यात्रेतली कबड्डी बघा. चढाईपटू मध्यरेषेकडे निघाला की शिट्ट्या सुरू. डाव्या कोपऱ्यावरच्या पोराचं नाव मात्र शेजाऱ्याला विचारा, सांगता येणार नाही. कॉलेजचा संघ निवडतानाही तेच. ‘किती पॉइंट काढतो?’ एवढाच प्रश्न, आणि पकडी करणारा पोरगा राखीव.

जरा हिशेब करू. गडी टिपला, एक गुण. पकड केली, एकच गुण. कागदावर बरोबरी. पण बाद कोण झालं ते बघा की! चढाईत बहुतेक वेळा समोरचा बचावपटू जातो. पकडीत त्यांचा चढाईपटूच बाहेर बसतो, म्हणजे गुण आणणारा माणूस. तो बाकावर असेपर्यंत त्यांना दुसऱ्या फळीवर भागवावं लागतं. मैदानात आपले तीन किंवा कमी गडी असतील तर त्याच पकडीला प्रो कबड्डीत दोन गुण मिळतात.

संधीचाही प्रश्न आहे. मुख्य चढाईपटू सामन्यात पंधरा-वीस वेळा जातो. कोपऱ्यावरच्याला वाट बघत बसावं लागतं. त्याच्या भीतीनं रेडर तिकडं फिरकलाच नाही, तर त्याच्या नावावर शून्य! साखळीत दुसऱ्याला साथ देणाऱ्याचंही तेच. गुण एकाच्याच खात्यात.

आता चढाईपटूची बाजू. तो एका दमात तीन गडी टिपू शकतो, हातातून गेलेला सामना फिरवतो. पकडीला ते जमत नाही. चंदगडच्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सनं २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख दिले, त्यात गैर काही नाही.

पण २०२३ चा लिलाव आठवा. पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांना टायटन्सकडे गेला. डावा कोपरा सांभाळणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना पुण्याकडे. पवननं ढिगानं गुण काढले, तरी टायटन्स तळाला. पुणेरी पलटण विजेती. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणात गेला, तर हरियाणा विजेता! एकटा माणूस करंडक आणत नाही, पुण्याकडे अस्लम इनामदारही होताच. तरी एवढं बोलकं उदाहरण दुसरं नाही. (लिलावात त्याची गणती अष्टपैलूंत होते, ही आणखी एक गंमत.)

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये फटक्यानं मिळवलेल्या आणि क्षेत्ररक्षणात वाचवलेल्या धावा एकाच मापात मोजायची पद्धत आहे. आपल्याला एवढं गणित नको, एक वही पुरे. पुढच्या निवड चाचणीला एकाला बाजूला बसवा आणि लिहायला सांगा: प्रत्येकानं किती चढाया केल्या, त्यात किती वेळा पकडला गेला, कोपऱ्यावरच्यानं किती वेळा हात घातला, त्यातल्या किती पकडी टिकल्या, आणि त्याच्या बाजूनं किती रेडर रिकामे परतले. यादी लावायची ती नंतर.